टीनएज सैनिकाची सायफाय कादंबरी लिहायचीय? आधी ठरवा, पोराला युनिफॉर्म कोणी घातला

सोळा वर्षांचा हिरो, अंतराळातली लढाई, कडक ट्रेनिंग, एक जिवलग मित्र, एक खडूस अधिकारी. असे ड्राफ्ट हल्ली बरेच वाचायला मिळतात आणि मला त्याचा मनापासून आनंद आहे, कारण मराठीत किशोरांसाठी विज्ञान कादंबरी कमीच लिहिली जाते. पण बहुतेक ड्राफ्ट तीन-चार प्रकरणांनंतर बसतात. भाषा चांगली असते, अ‍ॅक्शन चांगली असते, तरी बसतात, आणि जवळजवळ दरवेळी कारण एकच असतं. मोठी माणसं कुठे गेली हे लेखकाने ठरवलेलंच नसतं. सैन्याकडे तयार जवान आहेत, ड्रोन आहेत, रोबॉट आहेत, मग त्यांना दहावीतलं पोर का लागलं? ‘तो स्पेशल आहे’ हे उत्तर चालत नाही, कारण स्पेशल पोर सापडलं तर कुठलंही शहाणं सैन्य दोन-चार वर्षं थांबेल आणि त्याला मोठं होऊ देईल. थांबता का येत नाही, हे एका वाक्यात लिहा आणि टेबलासमोर चिकटवा. ते वाक्य जमेपर्यंत पहिलं प्रकरण सुरू करू नका.

हे वाक्य कसं असतं ते इतिहासातून शिकता येतं. 1943 च्या फेब्रुवारीपासून जर्मनीत 1926 आणि 1927 साली जन्मलेली शाळकरी मुलं विमानविरोधी तोफांवर नेमली गेली, म्हणजे पंधरा-सोळा-सतराची पोरं. कारण सरळ होतं, तोफांवरचे मोठे जवान आघाडीवर हवे होते आणि शहरांवर बाँबिंग तर थांबत नव्हतं. आता खरी गंमत बघा, शाळा बंद करायची नव्हती म्हणून मास्तर तोफांच्या तळावर येऊन शिकवायचे. रात्री सायरन, सकाळी गणित. एवढ्या एका माहितीत अख्खी कादंबरी आहे, डोळे तारवटलेली पोरं, समोर मास्तर, आणि रात्रभर गोळे भरलेल्या पोराला गृहपाठ का केला नाही असं विचारायचं की नाही हे मास्तरांना कळत नाहीये. दुसरं उदाहरण अमेरिकेतलं. 1864 साली, तिथल्या यादवी युद्धात, व्हर्जिनिया मिलिटरी इन्स्टिट्यूटचे 257 कॅडेट न्यू मार्केटच्या लढाईत उतरवले, त्यातले 10 गेले. तिथेही कारण तेच, सेनापतीकडे माणसं कमी होती. दोन्हीकडे पोरांमध्ये काही जादू नव्हती. मोठ्यांचा हिशोब कमी पडला आणि तो पोरांनी भरून काढला.

सायफायमध्ये आपल्याला हाच हिशोब विज्ञानातून बसवायचाय. मी एक उदाहरण घेऊन शेवटपर्यंत तेच वापरते, म्हणजे कळायला सोपं जाईल.

जागा घेऊया सिरीस. मंगळ आणि गुरूच्या मधल्या लघुग्रहांच्या पट्ट्यातला हा सगळ्यात मोठा गोळा, व्यास साधारण 940 किलोमीटर, पोटात भरपूर बर्फ, गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या जेमतेम 3 टक्के. डॉन नावाचं यान 2015 साली तिथे पोचलं, त्यामुळे फोटो आणि नकाशे मुबलक आहेत, ऑकेटर नावाचं विवर आणि त्यातले पांढरे क्षारांचे डाग, आहुना नावाचा सुमारे 4 किलोमीटर उंच एकटा डोंगर, सेटिंगसाठी आयतं मटेरियल. आता समजा या सिरीसवर बर्फाच्या खाणींची एक वसाहत आहे आणि ती सतरा वर्षांची आहे. मोठी माणसं पृथ्वीवरून आलेली, त्यांचं शरीर जन्मभर वजनाला सरावलेलं, बोगद्यात ती भिंतींना धडकतात, वळताना चुकतात. तिथे जन्मलेली पोरं मात्र भिंतीवरून भिंतीवर सहज जातात. आणि वसाहतच सतरा वर्षांची असल्यामुळे तिथे जन्मलेला एकही माणूस अठरा वर्षांचा नाहीये! झालं आपलं वाक्य: ‘बोगद्यात लढता येईल असा प्रत्येक जण अजून अल्पवयीन आहे.’ निवडलेला वीर वगैरे काही लागलं नाही. तीन टक्के गुरुत्वाकर्षणात मूल नीट वाढतं ही कल्पना आहे, ती एक सूट आपण घेतली, एका कादंबरीत एवढी एक सूट वाचक देतो. बाकी सगळं मग खरं हवं.

पुढचा प्रश्न वाचक लगेच विचारणार, रोबॉट का नाही पाठवले? इथे प्रकाशाचा वेग मदतीला येतो. पृथ्वीवरून सिरीसला सिग्नल जायला दोन्ही गोळे कुठे आहेत त्यावर साधारण 13 ते 33 मिनिटं लागतात आणि उत्तर यायला तेवढीच. म्हणजे पृथ्वीवर बसून रिमोटने लढता येत नाही, जनरलसाहेबांचा हुकूम येईपर्यंत बोगद्यातला निकाल लागलेला असतो. हुकूम खोटा असेल, चुकीचा असेल किंवा उशिराचा असेल, निर्णय शेवटी तिथल्या पोरालाच घ्यावा लागतो. किशोर कादंबरीत मोठ्यांना बाजूला कसं ठेवायचं हा नेहमीचा त्रास, आईवडील मेलेले दाखवायचे, अधिकारी मूर्ख दाखवायचे, यातलं काही करायची गरज नाही. 33 मिनिटांनी काम होतं. जवळच्या जवळ चालणारे हुशार रोबॉट असतील तर त्यांचंही एक उत्तर ठेवा, शत्रूने सिग्नल जॅम केलेत किंवा बर्फात सेन्सर आंधळे होतात, एक परिच्छेद पुरे, जास्त समजावत बसू नका.

आता कायदा. हा भाग सगळेजण गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात जोरदार सीन इथेच मिळतात. मुलांना युद्धात उतरवण्याबद्दल संयुक्त राष्ट्रांचा एक करार आहे, 2000 साली झाला, 12 फेब्रुवारी 2002 पासून लागू आहे. अठराच्या आतल्या सैनिकाला प्रत्यक्ष लढाईत उतरवायचं नाही आणि सक्तीने भरती करायचं नाही. राजीखुशीने मात्र सोळा पूर्ण झाल्यावर सरकारी सैन्यात घेता येतं, काही अटी पाळून. ब्रिटन आजही पालकांच्या सहीने सोळा वर्षांच्या मुलांना सैन्यात घेतं, लढायला अठराला पाठवतं. आपल्याकडे एनडीएला साडेसोळाच्या आसपास मुलं-मुली जातात, पण तिथे तीन वर्षं शिक्षण, त्यानंतर पुन्हा वर्षभर दुसऱ्या अकॅडमीत ट्रेनिंग, मग कुठे अधिकारी होतात. पंधराच्या आतल्या मुलाला भरती करणं किंवा लढायला वापरणं हा आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयात थेट युद्धगुन्हा आहे, त्या न्यायालयाने 2012 साली दिलेला पहिलावहिला दोषी निकाल याच गुन्ह्याचा होता, काँगोच्या थॉमस लुबांगाचा.

मग तुमच्या सिरीसवर हे कायदे गेले कुठे? कोणीतरी त्यातून वाट काढली असणार, आणि ती वाट कागदावरची असणार. कोणीही या पोरांना ‘सैनिक’ म्हणत नाही. ते ‘बोगदा सहाय्यक, श्रेणी दोन’ आहेत. हातातली बंदूक ‘सुरक्षा अवजार’ आहे. आणि एक फॉर्म आहे ज्यावर आईची सही लागते. तो फॉर्म खरंच लिहून काढा, अख्खा, कलमांसकट, आणि दुसऱ्या-तिसऱ्या प्रकरणात टाका. तुमची हिरोइन, समजा तिचं नाव रेवा, वय पंधरा, तो फॉर्म आईसमोर ठेवते. आईला पाण्याचा कोटा वाढवून मिळणारेय सही केली तर. आई काय करते? ती सही करते की नाही यापेक्षा ती पेन हातात घेऊन काय बोलते हे लिहा. हा सीन जमला तर पुढची लढाई कितीही साधी असली तरी चालते, कारण वाचकाला आता माहितीये की हे पोर कितीला गेलं.

याच ठिकाणी एक खरी केस माहीत असू द्या. युगांडाचा डॉमिनिक ऑंग्वेन, लहानपणी शाळेत जाताना बंडखोरांनी पळवून नेला, तिथेच वाढला, तिथेच कमांडर झाला आणि मोठेपणी त्याने दुसऱ्यांच्या मुलांवर तेच अत्याचार केले. 2021 साली त्याच आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाने त्याला दोषी ठरवून 25 वर्षांची शिक्षा दिली. ज्याच्यावर अन्याय झाला तोच अन्याय करणारा. ही केस कॉपी करायची नाहीये, खऱ्या माणसांच्या यातना आहेत त्या. पण तुमच्या पात्राबद्दल ‘तो बिचारा’ किंवा ‘तो शूर’ असं एकाच शब्दात उरकायची इच्छा झाली की ही केस आठवायची. रेवाने सहाव्या प्रकरणात जे केलं ते वाचकाला माफ करता येऊ नये आणि तिचा रागही धरता येऊ नये, तिथपर्यंत जायचंय.

आता फिजिक्स. माझा नियम असा की फिजिक्स समजावून सांगायचं नाही, ते पात्राच्या अंगावर येऊ द्यायचं. सिरीसवर पृथ्वीवरची 50 किलोची पोरगी काट्यावर दीड किलो भरेल. पृथ्वीवर अर्धा मीटर उंच उडी मारणारी व्यक्ती तिथे (स्पेससूटचं ओझं सोडून हिशोब) साधारण 17 मीटर वर जाईल आणि खाली यायला धरून 22 सेकंद घेईल. सिनेमात हे मजेशीर दिसतं. पण लढाईत? 22 सेकंद तुम्ही वर लटकलेले, दिशा बदलता येत नाही, खालून कोणीही निवांत नेम धरावा. म्हणजे सिरीसच्या सैनिकाला पहिला धडा काय मिळेल? उडी मारायची नाही! पाय जमिनीला चिकटवून सरपटायचं. पृथ्वीवरून आलेले जवान घाबरले की उड्या मारतात आणि म्हणून मरतात. बघा, एका आकड्यातून ट्रेनिंगचं प्रकरण निघालं, मोठे का चालत नाहीत याचं कारण परत एकदा पक्कं झालं, आणि लेक्चर कुठेच दिलं नाही.

बंदुकीचंही तसंच. साधारण 4 ग्रॅमची गोळी सेकंदाला 900 मीटरने सुटते असं धरा, सूटसकट सैनिक 120 किलो, तर प्रत्येक गोळीमागे तो सेकंदाला 3 सेंटीमीटर मागे ढकलला जातो. एका गोळीने काही होत नाही पण वीस गोळ्या सलग मारल्या तर अर्ध्या मीटरहून जास्त वेग आला, शिवाय बंदूक खांद्याला म्हणून शरीर गिरकी घ्यायला लागतं. आणि माझी सगळ्यात आवडती गोष्ट, सिरीस सोडून जायला सेकंदाला 510 मीटर वेग पुरतो. म्हणजे पृष्ठभागावर नेम चुकलेली गोळी खाली पडतच नाही, ती सिरीस सोडून कायमची सूर्याभोवती फिरायला लागते. रेवाची पहिली चुकलेली गोळी अजून कुठेतरी जातेय हे तिला माहीत असणार. या एका गोष्टीचा तुम्ही कादंबरीत काय उपयोग कराल ते मी सांगणार नाही, प्रत्येकाचा वेगळा व्हायला हवा.

बाकीच्या गोष्टी पटकन. बाहेर हवा नाही म्हणून आवाज नाही, ऐकू येतो तो स्वतःचा श्वास आणि बुटातून आलेली थरथर. बोगद्यात हवा आहे तिथे आवाज आहे, हा फरक प्रत्येक दाराशी वापरा. निर्वातात बंदुकीची नळी गार व्हायला फार वेळ लागतो कारण उष्णता फक्त किरणांवाटे बाहेर जाते. सिरीसचा दिवस साधारण 9 तासांचा, म्हणजे रात्र साडेचार तासांची, पण पोरांची झोप पृथ्वीच्याच घड्याळाची. सूर्य तिथून लहानसा दिसतो, उजेड आपल्याकडच्या सातव्या-आठव्या हिश्श्याइतका.

झोपेवरून आठवलं, टीनएजर कसा असतो हे लोक विसरतात. नुसतं वय सोळा लिहिलं म्हणून पात्र सोळाचं होत नाही. या वयात शरीराचं घड्याळच पुढे सरकतं, रात्री उशिरापर्यंत झोप येत नाही आणि सकाळी उठवत नाही, आणि गरज मात्र आठ ते दहा तासांची असते. सैन्य पहाटे चारला उठवतं. म्हणजे तुमची अख्खी तुकडी कायम अर्धवट झोपेत आहे, चुका इथून येतात, शत्रूच्या हुशारीतून नाही. मेंदूचा पुढचा भाग, थांब-विचार कर म्हणणारा, विशीच्या मध्यापर्यंत घडत असतो. मित्र बघत असतील तर या वयात धोका जास्त पत्करला जातो. आणि भूक! सतत भूक. पंधरा वर्षांच्या चार पोरी एकत्र आल्या तर निम्मं बोलणं खाण्यावर होतं आणि उरलेलं कोण कोणाशी बोलत नाहीये यावर. उद्या हल्ला आहे आणि आज रेवाचं डोकं यातच अडकलंय की जुईने जेवताना तिच्याशेजारी जागा धरली नाही. हे क्षुल्लक वाटलं म्हणून कापू नका. वाचणाऱ्या पोराला हेच खरं वाटतं आणि उद्याच्या हल्ल्यात जुई गेली तर ती न धरलेली जागा वाचकाला आठवेल.

बराकीतलं जगणं समजून घ्यायला आपल्याला लांब जावं लागत नाही. साताऱ्यात देशातली पहिली सैनिक शाळा आहे, 1961 ची. त्याच जिल्ह्यातलं अपशिंगे ‘अपशिंगे मिलिटरी’ म्हणूनच ओळखलं जातं, पहिल्या महायुद्धात त्या एका गावचे 46 जण कामी आले. खडकवासल्याला एनडीए आहे, तिथे 2022 पासून मुलीही आहेत. तुमच्या नात्यात, गल्लीत, कॉलेजात कोणीतरी फौजी किंवा एक्स-कॅडेट सापडेलच. त्यांच्याशी बोला, पण युद्धाबद्दल विचारू नका, त्याची उत्तरं तयार असतात आणि जे खरं असतं ते अनोळखी माणसाला कोणी सांगत नाही. विचारा पहिल्या आठवड्यात पायाला काय झालं. मेसमध्ये काय आवडायचं नाही. रगडा (शिक्षेची जादा कसरत) लागला की मनात काय म्हणायचात. घरून फोन आला की काय खोटं सांगायचात. कोर्समेट, म्हणजे ट्रेनिंगच्या एकाच बॅचचा सोबती, हा शब्द ते कसा उच्चारतात ते ऐका. फौजी काका हुकूम हिंदीत सांगतील आणि आठवण मराठीत, ते तसंच टिपून ठेवा, सिरीसवरही ड्रिलची भाषा एक आणि अंधारात कुजबुजायची भाषा दुसरी असणारच. त्यांनी विश्वासाने सांगितलेला प्रसंग मात्र जसाच्या तसा छापू नका, विचारून घ्या.

हिंसा किती दाखवायची हे सारखं विचारलं जातं. माझं मत असं, की वाचक तेरा-चौदाचा असेल तरी मरण लपवू नका, पण जखमेचं वर्णनही करत बसू नका. कॅमेरा आधी आणि नंतर ठेवा. आधी: हात कुठे होता, मनात कुठलं फालतू गाणं चालू होतं. नंतर: हातमोजा काढता येईना, कोणीतरी पाणी दिलं, ते घशाखाली उतरेना, आणि अधिकाऱ्याने पाठ थोपटली. त्या थोपटण्याने तिला बरं वाटलं, आणि बरं वाटलं याचीच तिला भीती वाटली. मारण्याबद्दल मेडल, लेव्हल, पॉइंट असं काही तुमच्या जगात असेल तर चालेल, पण त्याची चटक कशी लागते आणि ती चटक कोणाच्या फायद्याची आहे हे गोष्टीतून दिसू द्या. गेमसारखी मजा देऊन तिथेच सोडून दिलं तर तुम्ही वाचणाऱ्या पोराला त्या भरती अधिकाऱ्यासारखंच वागवलंत.

शत्रूलाही मागणी हवी, अशी की ती समोर बसून मागता आली असती. सिरीसवर ती पाणी आहे. पलीकडच्या वसाहतीला बर्फ हवाय, इकडच्यांनी भाव चौपट केला, बोलणी 33 मिनिटं लांबच्या कोणीतरी मोडली. रेवाला हे पहिल्या पानावर माहीत नसावं. साधारण मध्यावर कळावं, तेही शत्रूच्या तोंडून नाही, पाण्याच्या हिशोबाच्या वहीतून किंवा स्वतःच्या आईच्या वाढलेल्या कोट्यातून, कारण आपल्याच घरातून कळलेलं झटकून टाकता येत नाही.

प्रत्यक्ष लिहिताना प्रकरणं छोटी ठेवा, दीड-दोन हजार शब्द, एकूण चाळीस ते साठ हजारांत कादंबरी बसते. प्रथमपुरुषी लिहिलंत तर रेवाला जे दिसत नाही ते लिहायचं नाही, जनरलचे विचार, पृथ्वीवरच्या मीटिंगा, काहीही नाही, तिला फक्त उशिरा आलेला हुकूम दिसतो. शब्दांच्या बाबतीत उगाच जड पारिभाषिक शब्द घडवू नका, पोरं ऑक्सिजनला ऑक्सिजनच म्हणतील आणि एअरलॉकला, म्हणजे बाहेर जायच्या हवाबंद खोलीला, बहुतेक नुसतं ‘दार’.

शेवट लिहिण्याआधी एका गोष्टीचा विचार करा, युद्ध संपलं की ही पोरं कुठे जाणार? पृथ्वीवर येऊ शकत नाहीत, इथे त्यांचं वजन जवळपास 35 पट होईल, उभंसुद्धा राहता येणार नाही. ज्या पृथ्वीच्या नावाने लढले तिथे त्यांना कधीच पाऊल ठेवता येणार नाही. आणि सिरीसवर आता शाळा परत सुरू होतेय, रेवा सतरा वर्षांची आहे, तिच्या वर्गात पाच बाकं रिकामी आहेत आणि सर म्हणतायत मागच्या वेळी आपण कुठे थांबलो होतो. शेवटची लढाई जिंकल्यावर कादंबरी थांबवू नका, निदान दोन प्रकरणं या शाळेला द्या.

ड्राफ्ट झाला की मोठ्यांना दाखवायच्या आधी चौदा-पंधराच्या दोन-तीन पोरांना द्या आणि ‘आवडलं का’ असं विचारू नका, ‘कुठे मोबाईल हातात घेतलास’ असं विचारा, ती पानं कापा. एकदम अख्खी कादंबरी प्रकाशकाकडे न्यायचा धीर होत नसेल तर त्यातलंच एक प्रकरण, तो सहीचा सीन, स्वतंत्र कथा म्हणून तीन हजार शब्दांत लिहा आणि दिवाळी अंकांना किंवा मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेला पाठवा. याच स्पर्धेला 1974 साली जयंत नारळीकरांनी आपली कथा नारायण विनायक जगताप या नावाने पाठवली होती, परीक्षकांनी नाव बघून नंबर देऊ नये म्हणून, आणि पहिलं बक्षीस घेतलं. तुमचं नाव कोणाला माहीत नाहीये, म्हणजे ती सोय तुम्हाला आधीच मिळालीये, तेव्हा कथा पाठवा आणि निकालाची वाट न बघता पुढच्या प्रकरणाला लागा.